भाड्याच्या घराला भेग पडते तेव्हा

सदर : घर-संसार

या महिन्यात दोन पत्रे एकाच दिवशी हातात पडली. पहिले परभणीकडच्या एका भगिनीचे. दोन खोल्यांत भाड्याने राहतात. लिहितात, "स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी भेग गेली आहे. मालकांना तीनदा सांगितले. ते म्हणतात, तुम्हीच सिमेंट भरून घ्या, नाहीतर दुसरे घर बघा. मुलांची शाळा इथून जवळ आहे. आम्ही काय करावे?"

दुसरे पत्र लातूर भागातून. या घरमालकीण आहेत. पती वारले, त्यांनी बांधलेल्या घराच्या पुढच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत आणि त्याच भाड्यावर चूल पेटते. "भाडेकरू म्हणतात पाया खचला. मिस्त्री म्हणतो दीड लाख लागतील. दीर म्हणतात, भाडे कमी करून घेण्याचा हा बहाणा आहे. मी कुणाचे खरे मानू?"

पत्रे वाचता वाचता मला आमच्या अम्मीचे सोलापूरचे घर आठवले. तिथे हे सगळे आम्ही भोगून झालो आहोत, आणि चुकाही बऱ्याच केल्या. म्हणून दोघींना उत्तर देण्याआधी ते सांगते.

मरहूम अब्बांनी ते घर १९८४ साली बांधले. जमीन काळ्या मातीची. पाया दगडी, पण तीन फूट खोदून थांबवलेला. खाली मुरूम लागेपर्यंत जायला हवे होते, तेवढे पैसे नव्हते. पुढे दहा-बारा वर्षांनी त्याच भिंतींवर वर एक खोली चढवली. पाया मात्र तोच. पुढच्या दोन खोल्या एका शाळेतल्या शिपायाच्या कुटुंबाला दिल्या होत्या. त्याची बायको अम्मीला मावशी म्हणायची. दोन लहान मुले होती.

एका वैशाखात ती म्हणाली, "मावशी, दार लागत नाही हो, खाली घासतंय." अम्मी म्हणाली, "लकडी फूली होंगी, पोरी." सुताराला बोलावून दार खालून तासून घेतले. विषय मिटला असे वाटले. पुढे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून भेग निघाली. गिलावा केला. पावसाळ्यानंतर भेग जवळजवळ मिटली, तेव्हा अम्मी खूश झाली. पुढच्या मार्चमध्ये ती परत उघडली आणि आता तिच्यात पेन्सिल जात होती.

आमचे हे जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते. पण सासरवाडीचे घर, म्हणून इतके दिवस गप्प होते. शेवटी मीच विचारले, तेव्हा म्हणाले, "उन्हाळ्यात लाकूड आकसते, फुगत नाही. वैशाखात दार घासायला लागले, त्याच दिवशी कळायला हवे होते की चौकट वाकडी झाली आहे, आणि चौकट वाकडी झाली म्हणजे भिंत हलली आहे."

ज्याने पहिल्यांदा पाहिले ती भाडेकरीण होती. तिला रोज दार लावावे लागत होते. अम्मी मागच्या खोल्यांत राहायची, तिला काही दिसत नव्हते. मालकाला बातमी नेहमी उशिरा कळते आणि कळते ती तक्रारीच्या रूपात, म्हणून ती खोटी वाटते.

काळ्या मातीचे वागणे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही सांगायला नको. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस पडला की जमीन फुगून त्या मिटतात. आपल्या दख्खनच्या काळ्या बसाल्ट दगडाची झीज होऊन ही माती झाली आहे. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पाणी गेले की आकसते. शेतात जे होते तेच घराखाली होते. फरक एवढाच की घराच्या मधोमध सावली असते, तिथली ओल फारशी बदलत नाही. कडेच्या भिंतींखालची माती मात्र दर ऋतूत वर-खाली होते. मधला भाग जागेवर आणि कोपरा खाली-वर, त्यामुळे भिंत तिरकी फाटते. तीही सगळ्यात कमजोर ठिकाणी, म्हणजे दार-खिडकीच्या कोपऱ्यापाशी. अशी भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा भिंतीचे टोक बसले आहे. उलट असेल, खाली रुंद आणि वर बारीक, तर मधला भाग बसल्याची शंका घ्यावी.

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, त्या पायाच्या नव्हेत. कॉलम-बीमचे घर असेल तर बीम आणि विटांच्या मधल्या सरळ आडव्या रेघेलाही सहसा घाबरायचे कारण नसते. तिरकी, आरपार, म्हणजे आतूनही दिसणारी आणि बाहेरूनही दिसणारी भेग असेल तर मात्र लक्ष द्यायचे.

यांनी पहिल्या दिवशी फावडे हातात घेतले नाही, पेन्सिल घेतली. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण केली, मधले अंतर पट्टीने मोजले आणि भिंतीवरच तारीख लिहिली. भेगेवर काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवली. भिंत हलत असेल तर काच तडकते. मग गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन घराच्या चारी कोपऱ्यांची पातळी पाहिली. नैऋत्येचा कोपरा बोटभर खाली होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माप घेण्याचे काम भाडेकरणीच्या थोरल्या मुलाला दिले. पाचवीतला पोरगा, त्याने ते इतक्या इमानाने केले की एका महिन्यात पाव मिलिमीटरचाही हिशेब लिहिला होता. पट्टीवर पाव मिलिमीटर मोजता येत नाही, पण कोण बोलणार!

माप सुरू असताना पाण्याचा शोध घेतला. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला, सकाळी पाहिला. आकडा तोच होता, म्हणजे येणारे पाणी गळत नव्हते. मग जाणारे पाणी पाहिले. बाहेरच्या चेंबरमध्ये न्हाणीच्या पाइपाचे तोंड चिंध्यांचा बोळा घालून बंद केले, न्हाणीत पाणी भरून पातळीची खूण केली. तासाभरात पाणी चार बोटे उतरले. फरशी उखडली तर खापरी पाइपाचा जोड उघडा पडलेला. किती वर्षे कोण जाणे, न्हाणीचे पाणी त्याच कोपऱ्याच्या पायाखाली मुरत होते. वरून गच्चीची पन्हळ तिथेच भिंतीच्या बुडाशी सुटत होती. आणि सहा फुटांवर अब्बांनी लावलेला लिंब, तो उन्हाळ्यात तिथलीच ओल ओढून घ्यायचा. एका बाजूने पाणी पाजणारे दोघे, दुसऱ्या बाजूने शोषणारा एक. कोपऱ्याने तरी काय करावे?

इथे आमच्या घरात एक वाद झाला, तो लिहू की नको असे वाटले, पण लिहिते. भाईजान तेव्हा बाहेरगावी नोकरीला. फोनवर म्हणाले, "कशाला एवढा खर्च? भाडेकरू कंटाळून जात असतील तर जाऊ दे. गिलावा करू, रंग मारू, नवे भाडेकरू बघू. नव्यांना कुठे माहीत आहे?" भाईजान वाईट नाहीत. अम्मीच्या औषधपाण्याचा खर्च तेच पाहत होते, त्यांच्यावर ओझे होते. अम्मी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "या पोरीची लेकरं त्या भिंतीखाली झोपतात. नवी येईल तिचीही तिथंच झोपतील." फोन तिथेच संपला.

भाडेकरूनेही आम्हाला त्रास दिला नाही असे नाही. शिपायाने एका महिन्याचे भाडे न सांगता निम्मेच दिले. अम्मीला पैशापेक्षा न सांगण्याचे वाईट वाटले. चार दिवस दोघी घरे एकमेकांशी बोलली नाहीत. मग यांनी दोघांना बसवून एका कागदावर लिहून घेतले: काम संपेपर्यंत भेगेकडची खोली वापरायची नाही, दोन महिने भाडे निम्मे, न्हाणी मागची वापरायची, सामान हलवायला मालकाने माणूस द्यायचा. दोघांच्या सह्या. साधा कागद होता, पण त्यानंतर तंटा झाला नाही.

काम काय केले? न्हाणीचा पाइप पीव्हीसीचा टाकला आणि शक्य तेवढा भिंतीपासून दूर फिरवला. पन्हळीचे पाणी नळीने गटारापर्यंत नेले. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी केली, बाहेरच्या बाजूला उतार देऊन आणि खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून, म्हणजे पायालगतच्या मातीला ना पावसाचे पाणी लागावे ना ऊन. लिंब तोडला नाही. यांचे म्हणणे असे की मोठे झाड एकदम तोडले की त्याने ओढून घेतलेली ओल जमिनीत परत साठते, माती फुगते आणि खाली बसलेली भिंत वर उचलली जाऊ लागते. म्हणून दर वर्षी थोडी छाटणी. भेग मात्र वर्षभर तशीच उघडी ठेवली. अम्मीला पाहुण्यांसमोर लाज वाटायची, तिने तिथे कॅलेंडर टांगले. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काच तडकली नाही, तेव्हा जाळी लावून भेग भरली. सगळा खर्च त्या वेळच्या सात महिन्यांच्या भाड्याइतका आला. पहिल्या मिस्त्रीने पाया भरून देतो म्हणून जो आकडा सांगितला होता, त्याच्या तो पाव हिस्साही नव्हता.

सगळीकडे एवढ्यावर भागते असे नाही. कधी पायाच कमी खोल असतो, कधी खाली जुनी विहीर किंवा खड्डा बुजवून केलेली भराव जमीन असते. तेव्हा पायाखाली नवे काँक्रीट द्यावे लागते किंवा खोल खांब घ्यावे लागतात. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब रूढ केले. ते साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे ओल वर्षभर सारखी असते, तिथपर्यंत जातात. नवे घर बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जुन्या घराला मात्र पाया खालून बांधायचा असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. मिस्त्रीला भिंतीच्या बुडाशी सलग चर खोदू देऊ नका. असे काम इंजिनीअरच्या देखरेखीखाली, भिंतीला टेकू देऊन, तीन-चार फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक करतात. सलग खोदले तर उभी भिंत अंगावर येते. अशा वेळी घरात कुणी राहायचे नाही, भाडेकरूही नाही आणि मालकही नाही.

काही खुणा दिसल्या तर मोजमाप करत बसायची वेळ नसते. कॉलमला उभी भेग, काँक्रीट सुटून गंजलेली सळई बाहेर, भिंतीला पोट आलेले किंवा ती ओळंब्यातून झुकलेली, रोज नवी भेग, रात्री तडतड आवाज. अशा वेळी मुलांना घेऊन बाहेर पडा आणि पालिकेला लेखी कळवा. धोकादायक इमारतींबाबत पावले उचलण्याचा अधिकार पालिकेला आहे. मुंबई-ठाण्याकडे अशा इमारतींचे वर्ग ठरवतात: सी-१ म्हणजे लगेच रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसे न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. घर सोडावे लागले तर आपण किती जागेत राहत होतो याची लेखी नोंद पालिकेकडून मागून घ्या. भाडेपावती आणि वीजबिल सांभाळून ठेवा. घाईत लोक भांडी नेतात आणि कागद विसरतात.

आता कायद्याचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर घर राहण्याजोगे, दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालक करत नसेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस पोस्टाने पाठवायची. तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण मर्यादा आहे: एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. महिना ५,००० भाडे असेल तर वर्षाचे ६०,०००, आणि कापता येतील ते जास्तीत जास्त १५,०००. पाइप बदलणे, पन्हळ फिरवणे अशी कामे यात बसू शकतात. पाया बांधणे बसत नाही, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने पायाला हात लावूही नये.

मालकाच्या बाजूचेही आहे. घर रिकामे केल्याशिवाय दुरुस्ती होणारच नसेल तर त्या कारणासाठी मालक कोर्टातून ताबा मागू शकतो. पण ती खरी गरज असावी लागते. भेगेचे निमित्त करून जुना भाडेकरू काढायला हा रस्ता नाही.

मात्र हे सगळे खऱ्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांसाठी आहे. आजकाल बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. तिथे कलम १४ चा आधार गृहीत धरू नका, करारात काय लिहिले आहे तेच पाहावे लागते. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या: "पाया, भिंती, छत व जमिनीखालील पाइप यांची दुरुस्ती मालकाकडे राहील, घर राहण्यास अयोग्य झाल्यास करार संपेल व अनामत पंधरा दिवसांत परत मिळेल." चांगला मालक यावर सही करायला कचरत नाही.

आपल्या मोहल्ल्यांतून आणखी एक पद्धत दिसते, भारी डिपॉझिटची. चार-पाच लाख एकदम द्यायचे, महिन्याचे भाडे नाही किंवा नाममात्र. अशा ठिकाणी भाड्यातून खर्च कापायचा म्हटले तर भाडेच नाही. आणि भिंत खचली तर ते लाखो रुपये मालकाकडे अडकलेले असतात, बऱ्याचदा त्याने ते खर्चूनही टाकलेले असतात. अशा घरात जाण्याआधी पावसाळ्यात एकदा आणि कडक उन्हाळ्यात एकदा घर पाहावे. ते जमत नसेल तर निदान नव्याने रंगवलेल्या एकाच भिंतीकडे नीट पाहावे. जमिनीवर मुलांची गोटी ठेवून बघा, ती आपोआप कोपऱ्याकडे धावली तर कारण विचारा. आणि आधीच्या भाडेकरूला गाठून दोन शब्द बोला.

परभणीच्या भगिनी, तुम्ही सिमेंट भरू नका. भरलेत तर भेग किती वाढते ते कळायचे बंद होईल, आणि पुढे मालक म्हणतील की तुम्हीच छेडछाड केली. आजच खुणा करा, तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. मुलांची झोपण्याची जागा त्या भिंतीपासून हलवा. मालकांना चौथ्यांदा तोंडी सांगू नका, पत्र लिहा. त्यात भांडण नको, मोजमाप हवे: अमुक तारखेला भेग इतकी होती, आज इतकी आहे, इंजिनीअरला दाखवावे आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती सुरू करावी ही विनंती. पोचपावती घेऊन पाठवा, प्रत जवळ ठेवा. त्याआधी तुमच्याकडचा कागद भाडेकराराचा आहे की लायसन्सचा, ते पाहा. भेगेत पेन्सिल जात असेल तर पत्राच्या उत्तराची वाट न बघता तालुक्याच्या गावी जाऊन इंजिनीअरला फोटो दाखवा.

लातूरच्या भगिनी, तुमचे भाडेकरू बहाणा करत असतील किंवा नसतील, काच ते सांगेल. दोन रुपयांची पट्टी आहे, दिरांच्या समोरच लावा. दीड लाख मिस्त्रीच्या हातात देऊ नका. आधी न्हाणी, पन्हळ आणि शोषखड्डा तपासा, मग इंजिनीअरकडून लेखी सल्ला घ्या. जो पैसे घेऊन फक्त सल्ला देईल आणि ज्याला ठेका मिळवायचा नाही, असा इंजिनीअर बघा. लातूरच्या मातीत १९९३ चा भूकंप पाहिलेली माणसे अजून आहेत, त्यामुळे भिंतीचे नाव काढले की जीव घाबरतो, ते समजते. पण तिरकी भेग म्हणजे घर पडलेच असे नसते. भाडेकरणीला मात्र घरी बोलवून चहा द्या आणि विचारा, दार पहिल्यांदा कधी घासले? कोणत्या महिन्यात? न्हाणीचे पाणी हळू जाते का? तुम्हाला हवी असलेली निम्मी माहिती तिच्याकडे आहे.

दोघींनीही दिवाळीच्या सुमारास, जमिनीतली ओल उतरायला लागण्याआधी, एक माप घ्यावे आणि दुसरे मेअखेरीस. दोन्ही आकडे मला कळवा.